मदत हवी आहे: गाडीतल्या दोन सबवूफरसाठी (जड बेसचे स्पीकर) बजेटमधला टिकाऊ अ‍ॅम्प कुठला घेऊ?
नमस्कार मंडळी, मी मालवणचा. जुन्या वॅगनआरच्या डिकीत 12 इंची दोन सबवूफर आहेत, दोन्ही सिंगल कॉइल 4 ओहमचे, प्रत्येकी 250 वॉट आरएमएस (म्हणजे सतत झेपणारी खरी पॉवर). आधीचा अ‍ॅम्प स्वस्तात घेतला, खोक्यावर 3000 वॉट छापलेलं पण फ्यूज बघितला तर 30 अँपिअरचा, आता 14 व्होल्ट गुणिले 30 म्हणजे बॅटरीतूनच जेमतेम 420 वॉट ओढणार तर 3000 येणार कुठून, पण हे गणित मला पैसे दिल्यावर सुचलं. चतुर्थीला कणकवलीवरनं येताना प्रोटेक्टचा (बिघाड झाला की लागणारा) लाल दिवा लागला नि कायमचा बंद. उघडला तर बोर्डावर हिरवा थर चढलेला. आमच्याकडे खारं वारं, त्यात पावसाळाभर दमट हवा, खूप वाईट वाटलं हो.

दोन्ही पॅरलल जोडले की 2 ओहम होतात, म्हणून 2 ओहमला खरे 500 वॉट आरएमएस देणारा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा, शोधतोय. अ‍ॅम्पला 10 हजारापर्यंत जाईन. वायरिंगचे पैसे वेगळे काढलेत, 4 गेजची शुद्ध तांब्याची घेणार, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची अजिबात नको, आणि बॅटरीजवळ 60 अँपिअरचा फ्यूज.

किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणाचा अ‍ॅम्प तीन-चार पावसाळे टिकलाय का, कुठला? सीटखाली बसवू की डिकीत? छोट्या गाडीचा अल्टरनेटर एवढा लोड घेईल का? आणि सर्व्हिस निदान कोल्हापूरला तरी मिळायला हवी. वापरलेला चांगला असेल तरी चालेल, प्लीज सांगा.