मे महिन्यात परसबाग चालू ठेवावी की बंद करावी?

कुळागरी (फोंडा):

मेच्या मध्यावर गोव्यातल्या बहुतेक परसांत हेच दिसतं. तांबडी भाजी (लाल माठ) जोरात, टोमॅटोला फुलं ढीगभर पण फळ नाही, भेंडीच्या पानांवर पिवळ्या शिरा, आणि हिरवीगार वांगी एकाएकी माना टाकलेली. तरी लोक रोज संध्याकाळी पाइप धरून उभे. माझं मत स्पष्ट आहे. एप्रिलच्या अखेरीला वांगी, भेंडी आणि टोमॅटो उपटावेत आणि वाफे पाऊस येईपर्यंत तापू द्यावेत.

या दिवसांत चौरस मीटरला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागतं. ४० चौरस मीटरच्या परसाला २०० ते २४० लिटर झाले, आणि तेही विहिरीचा तळ दिसत असताना. टोमॅटोवर ते वायाच जातं. मेमधल्या बहुतेक रात्री २६ अंशांच्या आसपास असतात, त्या उष्म्यात परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. मग कितीही खत घाला.

रिकामा वाफा वीतभर खणा, ढेकळं फोडा, भरपूर भिजवा. वर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद मातीला चिकटेल असा ताणून अंथरा आणि कडा १५ सेंमी खोल चरात गाडा. चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. काळा कागद नको, तो स्वतः तापतो आणि माती कमी तापते. माती कोरडी असेल तर ऊब खाली उतरत नाही. तणाचं बी, सूत्रकृमी (मुळं खाणारे बारीक किडे), रोपं कोलमडवणारी बुरशी, हे सगळं बरंच कमी होतं.

वेलमांडव (डिचोली):

टोमॅटोचं शंभर टक्के मान्य. पण वाचणारे यावरून अख्ख्या परसालाच टाळं लावतील, आणि मे तर वेलांचा महिना! ‘दोडक्याला नुसती नर फुलं येतात’ म्हणून लोक वेल उपटतात. उन्हाळ्यात नर फुलं जास्त असतात हे खरं, पण मादी फुलंही येतात आणि वेळ चुकल्यामुळे फुकट जातात.

काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा काम सहा ते आठमध्ये. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी उमलतात, त्यांच्याकडे सकाळी जाऊन उपयोग नाही. मादी फुलामागे इवलंसं फळ असतंच. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. एका नर फुलाने दोन-तीन मादी फुलांचं काम होतं.

तरीही फळ पिवळं पडलं तर साल नीट बघा. सुई टोचल्यासारखं छिद्र आणि त्यावर डिंकाचा थेंब असेल तर फळमाशी. छिद्र नसेल तर बहुधा पराग पोचलाच नाही. फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा (वेलांवरच्या नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचा) सापळा लावा. आंब्याला लावतात तो मिथाइल युजेनॉलचा सापळा वेलांवरच्या माशीला चालत नाही, आणि ही चूक सर्रास होते. सापळा नसेल तर फळ बोटभर झालं की कागदी पिशवी बांधा.

खाडीकाठ (शिवोली):

पाण्याचा हिशेब नुसता लिटरमध्ये करून भागत नाही. खाडीकाठच्या कित्येक विहिरी मेमध्ये मचूळ होतात. वाल, मिरची, मुळा यांच्या पानांच्या कडा करपल्या की लोकांना वाटतं पाणी कमी पडलं. मग आणखी तेच पाणी घालतात आणि मातीत मीठ साठत जातं. मीटरवर ईसी (पाण्याच्या खारेपणाचं माप, डेसीसीमेन्स प्रति मीटर) २ च्या वर गेली तर नाजूक भाज्या थांबवा. तांबडी भाजी बऱ्यापैकी तग धरते. अशा जागी मी कुळागरींच्या बाजूने.

रोपवाटिका (काणकोण):

कुळागरी, माना टाकलेल्या वांग्यांचं कारण तुम्ही दिलंच नाही, आणि प्लास्टिकने ते जाईल असा समज होईल. तो धोक्याचा आहे. आपल्या जांभ्या, आम्लधर्मी मातीत ही बहुतेक वेळा जिवाणूजन्य मर असते. खोड जमिनीलगत कापून बोटभर तुकडा घ्या आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरू लागले तर जिवाणू. पाणी नितळ राहिलं तर बुरशी किंवा सूत्रकृमी शोधा.

कागदाखालची ऊब वरच्या १५-२० सेंमीपुरती. जिवाणू त्याखाली मुळांच्या अवशेषांत तसाच राहतो. त्या वाफ्यात तीन वर्षं वांगी, मिरची, टोमॅटो काहीच नको. मका किंवा चवळी घ्या. नाहीतर जुने गोवे इथल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेने काढलेली ‘गोवा ब्रिंजल’ मालिकेतली मरीला दाद न देणारी जात लावा. चुना चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅम, लागवडीआधी तीन आठवडे, आणि शेणखताबरोबर एकाच वेळी नको, नत्र उडून जातं.

शिवाय सगळं बंद केलंत तर खोला मिरचीची रोपं येणार कुठून? पावसात लावायची तर बी मेमध्येच टाकायला हवं. एक चौरस मीटरचा गादीवाफा आणि त्यावर झावळ्यांची सावली, एवढं चालू ठेवाच.

कुळागरी (फोंडा):

गादीवाफ्याला आणि वेलांना माझा विरोध नाही, मरीबद्दलही तुमचं बरोबर. भेंडीवर मात्र मी ठाम आहे. हळद्या, म्हणजे शिरा पिवळ्या पडण्याचा विषाणूरोग, पसरवते पांढरी माशी. मेमध्ये रोगट भेंडी पाणी घालून जगवली तर जूनमध्ये पेरलेल्या सात शिरांच्या भेंडीला ती माशी दोन पानांवरच गाठते. लवकर लागण झालेलं झाड पुढे काही देत नाही.

वेलमांडव (डिचोली):

मग नुसती भेंडी उपटून काय साधणार? मोरीच्या पाण्यावर हिरवं राहिलेलं ओसाडीचं तणही त्या माशीला आसरा देतं. आधी ते काढा. भेंडीत पिवळ्या शिरेचं पहिलं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटा, बाकीच्यांवर निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी, पानांच्या खालून. निम्मी झाडं पिवळी झाली असतील तरच सगळी काढा.

कुळागरी (फोंडा):

शिरा पिवळ्या दिसेपर्यंत माशी शेजारच्या झाडावर गेलेली असते. निम्म्याची वाट बघू नका, दहात दोन दिसली की सगळी काढा.