पाश्चरायझेशननंतर दात्या मातांच्या दुधाची फॅट कमी का लागते?

दुग्धपेढी_लॅब:
नमस्कार. मिल्क बँकेच्या लॅबमध्ये काम करते. दूध ६२.५ अंशाला ३० मिनिटं पाश्चराइज करण्याआधी आणि नंतर आम्ही इन्फ्रारेड ॲनालायझरवर तपासतो. एका बॅचला १०० मिलीमागे आधी ३.६ ग्रॅम फॅट लागली, नंतर २.९. त्याच बाटलीतून पुन्हा नमुना घेतला तर ३.३! दूध फ्रीजमधून काढून, बाटली हलवूनच घेतलं होतं.

या आकड्यावरून अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं फोर्टिफिकेशन (दुधात वरून किती पोषण घालायचं ते) ठरतं. किलोमागे रोज १५० मिली दूध धरलं तर ०.७ च्या फरकाने साडेनऊ कॅलरी इकडच्या तिकडे होतात. अशा रिपोर्टवर सही करायला हात धजावत नाही. उष्णतेने फॅट खरंच कमी होते का?

सायीचा_हिशेब:
या तापमानाला फॅट उडून जात नाही. एकाच बाटलीत २.९ आणि ३.३ लागतात, म्हणजे आधी नमुन्याकडे बघायला हवं.

रिकामी केलेली बाटली उजेडात धरा. खांद्यापाशी पिवळसर, चिकट कडं दिसेल. तीच तुमची हरवलेली फॅट (थोडी तरी). गोठवण्याने आणि तापवण्याने फॅटच्या कणांवरचं आवरण फाटतं, कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, वर येतात आणि भिंतीला धरतात. थंड बाटली कितीही हलवा, ते सुटत नाहीत. दूध ४० अंशांपर्यंत कोमट करा, बाटली हळूहळू उलटसुलट करत कडं पूर्ण सुटू द्या आणि लगेच मधल्या भागातून नमुना घ्या. जोरात घुसळू नका, फेस झाला की बुडबुडे मशीनमध्ये जातात.

मग सोनिकेटर (ध्वनिलहरींनी फॅटचे कण बारीक करणारं यंत्र). ही पायरी अजिबात गाळू नका. मोठे कण इन्फ्रारेड किरण विखुरतात आणि आकडा भरकटतो. सोनिकेट केल्याबरोबर मोजा, तीनदा मोजा. आकडे जुळले नाहीत तर सरासरी काढून मोकळं होऊ नका, नमुना पुन्हा घ्या.

मशीनचं कॅलिब्रेशन गायीच्या दुधावरचं नाही ना, तेही बघा. अधूनमधून काही नमुने रोझ-गॉटलिब पद्धतीने तपासून घ्यावेत. त्यात ईथरने फॅट वेगळी काढून प्रत्यक्ष वजन करतात.

एनआयसीयू_आहार:
एक भर. कच्चं दूध बरेच दिवस साठवलं असेल तर लायपेज (दुधातलंच एक विकर, एन्झाइम) फॅट फोडत राहतं, उणे २० अंशालाही. पाश्चरायझेशनने ते थांबतं, पण तोवर मोकळी झालेली फॅटी ॲसिडं तशीच राहतात. अखंड फॅटमधल्या एस्टर बंधांवरून मोजणाऱ्या मशीनच्या फिल्टरला ती फॅट म्हणून दिसत नाहीत, आकडा कमी येतो. दूध किती दिवस साठवलं होतं तेही नोंदवा.

दुग्धपेढी_लॅब:
कडं होतंच! आता कोमट करून, सोनिकेट करून घेतलेले तिन्ही आकडे ३.५ च्या आसपास आले. मशीन बंद असेल तेव्हा क्रीमॅटोक्रिट (बारीक नळीत दूध गरगर फिरवून वर आलेली साय मोजणं) चालेल का?

सायीचा_हिशेब:
चालेल, दूध थेंबभरच लागतं. पण केशिका नळीत मोजता ती सायीची उंची, फॅटचं वजन नव्हे. ताज्या दुधाचं सूत्र गोठवलेल्या किंवा पाश्चराइज्ड दुधाला जसंच्या तसं लावू नका. तुमच्याकडच्याच पाश्चराइज्ड नमुन्यांवरून आलेख बनवून घ्या. आणि रिपोर्टवर कुठली पद्धत वापरली ते लिहा, म्हणजे वॉर्डातले लोक दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून बघणार नाहीत.