मदत हवी आहे : क्रिसच्या मुठीवर राणीचा मुकुट कसा काय?

मंडळी, आमचा काका मर्चंट नेव्हीत होता, त्याने सुराबायाहून आणलेला एक क्रिस (नागमोडी पात्याचा इंडोनेशियन खंजीर) परवा माळा आवरताना सापडला. पात्याला गंज चढलाय, ते बघू नंतर, पण मूठ काही केल्या कळत नाहीये. पिवळट पांढरी, पिस्तुलासारखी वाकलेली, आणि पानंफुलं इतकी दाट कोरलीत की नखाएवढी जागा कोरी नाही. टोकाला मुकुट, आपल्या देवांचा उंच किरीट नव्हे हां, जुन्या नाण्यावरच्या राणीचा असतो तसला. खाली पंखवाला घोडा.

बालीच्या मुठींवर राक्षस नाहीतर देव असतात, ते आपल्याला लगेच ओळखू येतं. मध्य जावातल्या योग्याकार्ता-सोलोकडची मूठ एकदम गुळगुळीत, फक्त आतल्या अंगाला दोन छोटे नक्षीचे तुकडे, इस्लाम आल्यावर मूर्तीची हळूहळू नक्षी झाली म्हणतात. मग हे मुकुटाचं काय? डच लोकांसाठी बनवलेला टुरिस्ट माल तर नाही ना?

प्रतिसाद १ : टुरिस्ट माल म्हणून लगेच मोडीत काढू नका. वर्णनावरून मदुरा वाटतंय, सुराबायाच्या समोरचंच बेट. तिथल्या या घाटाला दोनोरिको म्हणतात आणि मुकुट, सिंह, ढाली हे डच अमलात तिथल्या कारागिरांनी उचललेलं. घोडा मात्र तिथलाच, मदुरातल्या सुमेनेप या जुन्या संस्थानाचं राजचिन्ह आहे ते. गंमत म्हणजे त्याच सुमेनेपचा राजवाडा चिनी कारागिराने बांधलाय. आणि बालीत तर वेलबुट्टीची नावंच पत्र चिना, पत्र ओलांदा, म्हणजे चिनी आणि डच. त्यातलं 'पत्र' आपलंच, पान या अर्थी. कुठून काय आलं ते नावातच सांगून टाकतात बिचारे.

प्रतिसाद २ : आधी हस्तिदंत आहे का ते बघा. भिंगातून आडव्या छेदाच्या जागी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानी दिसल्या तर हस्तिदंत, काळपट ठिपके-रेघोट्या दिसल्या तर हाड. हस्तिदंत निघालं तर विकायचं नाव काढू नका, कायद्याने बंदी आहे.

धागाकर्ता : आत्ताच पाहिलं, ठिपके आहेत! हाडच म्हणायचं, जीव भांड्यात पडला. आता अजून एक, मूठ आणि पात्याच्या मधली पितळी कडी सैल झालीये, गोल गोल फिरते. डिंक-बिंक लावू का तशीच असते ती?