रोजच्या दृश्यांचे फोटो: चार हजारांतून चोवीस कसे निवडावेत?

खिडकीपाशी

साध्यासुध्या क्षणांचे चारेक हजार फोटो जमलेत: सुईत दोरा ओवणारे हात, कपडे वाळत घालताना दातांत धरलेला चिमटा, वाऱ्याने उलटी झालेली छत्री. त्यांतले २४ छापून छोटा अल्बम करायचाय. अडचण अशी की स्वच्छ, नीट आलेले फोटो निर्जीव वाटतात आणि पुन्हा पुन्हा बघावेसे वाटणाऱ्या फोटोंत हमखास काहीतरी चुकलेलं असतं. एखादा हललाय, एखाद्यात डोक्यातून खांब उगवलाय. निवड कशी करावी? फोटो किती हललेला चालतो? अर्धे फोटो मोबाइलचे आहेत, अर्धे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्सने काढलेले.

तिसरा_प्रहर

पहिल्या फेरीत फोटो पडद्यावर काडेपेटीएवढे करून बघा. त्या आकारात बारकावे दिसतच नाहीत, उरतो तो फक्त आकार आणि उजेड. तिथेही नजर थांबली तर ठेवा, नाहीतर पुढे चला. एका फोटोला दोन सेकंदांहून जास्त देऊ नका. चारशेच्या आसपास उरले की थांबा.

दुसरी फेरी किमान दोन आठवड्यांनी. फोटो काढला तो दिवस छान गेला असेल तर फोटोही छान वाटतो, आणि ही भूल ओसरायला वेळ लागतो. रस्त्यावरचे फोटो काढणारे अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड याच कारणाने फिल्मचे रोल बराच काळ न धुता ठेवत. १९८४ साली ते गेले तेव्हा सुमारे २,५०० रोल धुवायचे राहिले होते. इतकं टोक गाठायची गरज नाही, पण पंधरा दिवस थांबाच.

तिसऱ्या फेरीत एकाच प्रसंगाचे फोटो शेजारी शेजारी लावा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच सापडेल असं मला वाटतं. दोरा ओवून झाला की हात स्थिर होतात, म्हणून तो फोटो सर्वांत स्वच्छ येतो. पण तेव्हा काम संपलेलं असतं. त्याच्या आधीच्या फोटोत दोऱ्याचं टोक नेढ्यापासून केसभर लांब आहे, एक डोळा बारीक झालाय, ओठ आवळलेत. तो घ्या. चिमट्याचंही तसंच: दातांत असतानाचा घ्या, दोरीवर बसल्यानंतरचा नको.

मंद_शटर

+१. हललेल्या फोटोंबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यात तीन वेगळे दोष एकाच नावाने खपतात. फोटो १०० टक्के मोठा करून बघा.

सगळंच एका दिशेला ओढलं गेलं असेल आणि दिव्याच्या ठिपक्यांच्या रेघा झाल्या असतील तर कॅमेरा हललाय. थोडंच असेल तर ४×६ इंचांच्या छापात खपून जातं. भिंत, खुर्ची स्वच्छ आणि फक्त हात पुसट असेल तर माणूस हललाय. असा फोटो बिनधास्त ठेवा, ती हालचालच त्याचा जीव आहे. फोकस चुकून मागचा पडदा धारदार आणि चेहरा मऊ आला असेल तर मात्र काढून टाका. नजर पडद्यावर जाते आणि तिथेच अडकते. शार्पनिंगने (फोटोच्या कडा संगणकावर धारदार करून) यातलं काहीच दुरुस्त होत नाही, कडांना पांढरी किनार तेवढी येते.

पुढच्या फोटोंसाठी शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते असं: बसून काम करणाऱ्या हातांना १/१२५, चालत्या माणसाला १/२५०, धावत्या मुलांना १/५०० सेकंद. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सावरतं, समोरच्याची हालचाल नाही. त्याच्या भरवशावर १/१५ ला उतरलात तर भिंत स्वच्छ येईल आणि माणूस भुतासारखा.

बाहेर उजेड असेल तर ३५ मिमीवर एफ/८ (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) लावून फोकस ३ मीटरवर ठेवून द्या. साधारण १.९ ते ७ मीटरपर्यंतचं सगळं नीट येतं, फोकस शोधण्यात क्षण जात नाही. खिडकीजवळ एफ/२.८, १/१२५ आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० पासून सुरुवात करा. दाणे दिसले तर दिसू द्या, छापात ते बरेच निवळतात.

आडव्या काळ्या पट्ट्या आल्या तर दोष दिव्याच्या लुकलुकण्याचा आहे. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक होतात. मग उजेड थोडा खाली ओढा, म्हणजे खिडकीकडचा गाल पांढराफटक होत नाही. आणि लेन्स आधी पुसा. दिव्याभोवतीचं धुकं बहुतेक वेळा बोटाच्या तेलाचं असतं.

खिडकीपाशी

तीन दोष वेगळे केल्यावर बरंच मोकळं झालं, धन्यवाद. मग खांबाचं काय? पुसून टाकू?

कागद_आणि_शाई

पुसू नका. केसांच्या कडेशी पुसल्याची खूण राहतेच, आणि रोजच्या दृश्यात खांब हा त्या जागेचा भाग आहे. तो खुपतो कारण केसांपेक्षा उजळ असतो. फक्त खांबाचा भाग अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) गडद करा, मागे सरकतो. पुढच्या वेळी क्लिकच्या आधी वीतभर बाजूला सरका, एवढ्याने खांब डोक्यापासून सुटतो.

छापायला देताना मोबाइलचे फोटो स्वतः कापून द्या. ते ४:३ असतात, ४×६ चा कागद ३:२. यंत्रावर सोडलं तर आडव्या फोटोची सुमारे ११ टक्के उंची जाते, आणि त्यात नेमकी बोटं कापली जातात. मनगटावर किंवा बोटांच्या पेरांवर काप कधीच घेऊ नका. हात कापायचाच असेल तर कोपर आणि मनगट यांच्या मधोमध.

३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ४×६ ला १८००×१२०० पिक्सेल पुरतात, ८×१२ ला ३६००×२४००. फाइल मूळचीच द्या; मेसेजमधून फिरून आलेली प्रत आधीच दाबलेली असते. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून फोटो बघा, नाहीतर छाप काळपट येतील. आधी तीनच छापून घ्या: एक गडद, एक उजळ, एक त्वचेच्या रंगाचा.

अल्बम हाताळला जाणार असेल तर मॅट कागद घ्या. काळा रंग थोडा उथळ दिसतो, पण बोटांचे ठसे उठत नाहीत. तारीख फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. अल्बमच्या पानावर लिहा.