मेंदूच्या दुखापतीला दिव्यांग कायद्यात जागा मिळावी म्हणून आमदार-खासदारांकडे नेमकं काय मागायचं?

बोरीकाठ
राम राम मंडळी. अमळनेर, पारोळा आणि धुळे तालुक्यातली काही कुटुंबं मिळून एक निवेदन तयार करताहेत. प्रत्येकाच्या घरात अपघातात किंवा पडून मेंदूला मार लागलेलं माणूस आहे. ही माणसं चालतात-बोलतात, त्यामुळे बाहेरच्याला काही दिसत नाही. पण मघाशी सांगितलेलं लक्षात राहत नाही, एकदम भडका उडतो, गोंगाटात काही सुचेनासं होतं, पूर्वीचं काम जमत नाही. यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) अर्जात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, मेंदूची दुखापत त्यात नाही.

मसुद्यात सध्या अकरा मागण्या आहेत: स्वतंत्र कायदा, स्वतंत्र प्रवर्ग, पेन्शन, धुळ्याला पुनर्वसन केंद्र, हेल्मेटसक्ती, नोकरीत आरक्षण वगैरे. निवेदन आमदारांना द्यायचं की खासदारांना? आणि ते नुसतं फाईलला लागू नये म्हणून काय करायचं?

मंत्रालयवारी
अकराच्या तीन करा, आधी ते काम. हेल्मेट परिवहन आणि गृह विभागाचा विषय, पुनर्वसन केंद्र वैद्यकीय शिक्षण किंवा सार्वजनिक आरोग्य विभागाचा, प्रवर्ग दिव्यांग कल्याण विभागाचा. सगळं एका कागदावर आलं की तो कागद टेबलाटेबलावर फिरतो आणि प्रत्येक जण "सदर बाब या विभागाशी संबंधित नाही" असा शेरा मारून पुढे ढकलतो. एक विभाग, एक पत्र, एक मागणी.

दुसरं, स्वतंत्र कायदा मागू नका. त्याची गरजच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ९९ वाचा. केंद्र सरकार नुसती अधिसूचना काढून अनुसूचीत, म्हणजे अपंगत्वाच्या प्रकारांच्या यादीत, बदल करू शकतं, आणि तोही राज्य सरकारच्या शिफारशीवरून किंवा स्वतःहून. ती अधिसूचना नंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायची असते, पण आधी विधेयक मंजूर करून घ्यावं लागत नाही. खासदारांचं अशासकीय विधेयक पेपरात छान दिसतं; ते चर्चेला येईल की नाही हे मात्र चिठ्ठ्यांवर ठरतं.

म्हणून आमदारांकडे मागणी एकच: महाराष्ट्र शासनाने कलम ९९ खाली केंद्राकडे शिफारस करावी. जळगाव जिल्ह्यात ११, धुळ्यात ५, नंदुरबारमध्ये ४, असे वीस आमदार होतात. सगळ्यांच्या सह्यांच्या मागे लागू नका. सत्ताधारी एक, विरोधी एक आणि विधान परिषदेतला एक, एवढे तिघं पुरेत. खासदारांकडे जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार अशा चारही मतदारसंघांत एकाच मजकुराचं पत्र द्या: केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने कलम ९९ खाली अधिसूचना काढावी.

आमदारांच्या कार्यालयातून बहुतेक वेळा तहसीलदार किंवा सिव्हिल सर्जनच्या नावाने शिफारसपत्र हातात मिळतं. त्याचा इथे उपयोग शून्य. पत्र दिव्यांग कल्याण विभागाच्या सचिवांच्या नावेच हवं, आणि त्याची प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला.

अ‍ॅड. साक्री रोड
वरचं कलम ९९ बरोबर आहे, पण नुसता प्रवर्ग मिळून भागत नाही. अनुसूचीत नाव आलं तरी अपंगत्वाचे टक्के कसे मोजायचे हे कलम ५६ खालच्या मार्गदर्शक सूचनांत लागतं. ४ जानेवारी २०१८ ला त्या सूचना आल्या, मार्च २०२४ मध्ये सुधारून आल्या. मोजण्याची पद्धत ठरली नसेल तर वैद्यकीय बोर्ड प्रमाणपत्र देणार कशाच्या आधारावर? म्हणून ९९ आणि ५६ ही जोडी एकाच पत्रात मागा. विभाग तोच आहे, त्यामुळे फाईल फुटत नाही.

त्याहून अवघड प्रश्न व्याख्येचा आहे, आणि तो तुमच्या गटाने पत्र लिहायच्या आधी सोडवला पाहिजे. फक्त अपघाती मार म्हणायचा, की पक्षाघात, मेंदूज्वर, बुडण्यातून किंवा गळफासातून वाचलेल्यांचा प्राणवायूअभावी बिघडलेला मेंदू, गाठीची शस्त्रक्रिया, हेही धरायचं? फक्त अपघात म्हटलं तर मागणी नेटकी होते, पण मेंदूज्वरातून उठलेल्या पोराचे आईवडील उद्या दारात उभे राहतील. सगळंच धरलं तर वित्त विभाग संख्या बघून बिचकतो. माझं मत: "जन्मानंतर झालेली मेंदूची इजा, तिचं कारण कोणतंही असो, आणि त्यातून स्मृती, लक्ष, निर्णयक्षमता, वर्तन किंवा हालचाल यांवर राहिलेला दीर्घकालीन परिणाम" असं परिणामाकडून लिहा. वाढत जाणारे स्मृतिभ्रंशाचे आजार यात येत नाहीत, असंही स्पष्ट नमूद करा, नाहीतर चर्चा तिकडेच वाहून जाते.

दाखला हवा असेल तर अमेरिकेचा द्या. तिथे १९९० मध्ये विशेष शिक्षणाच्या कायद्यात मेंदूची अपघाती इजा हा वेगळा प्रवर्ग घातला आणि १९९६ मध्ये त्या विषयावर स्वतंत्र कायदाही केला. पण हा दाखला एका ओळीपेक्षा जास्त नको. आपल्याकडचा जवळचा दाखला जास्त चालतो: १९९५ च्या कायद्यात प्रवर्ग ७ होते, २०१६ मध्ये २१ झाले. आदिवासी भागात जास्त आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार तेव्हाच आत आला. अक्कलकुवा-धडगावकडच्या आमदारांना त्याने काय फरक पडला हे समजावून सांगावं लागत नाही.

शिरपूरकर
दादा, तुमनं बरोबर शे. पण अधिसूचना येईपर्यंत लोकांनी काय करायचं? निवेदन दिलं म्हणून घरात बसलेल्याला आज प्रमाणपत्र मिळत नाही.

पुनर्वसन_धुळे
@शिरपूरकर, आजच्या २१ मध्येही वाट आहे, पण अर्ज नीट भरावा लागतो. मेंदूच्या एका इजेचे परिणाम तीन-चार प्रवर्गांत विखुरतात. एका बाजूचा लकवा हे चलनवलन अपंगत्व होतं, कारण व्याख्येत मज्जासंस्थेचा उल्लेख आहे. वाचा गेली असेल, म्हणजे अफेजिया असेल, तर तो वाचा-भाषा प्रवर्गात नावानिशी आहे. आठवण, वर्तन आणि निर्णय बिघडले असतील तर मानसिक आजाराची व्याख्या बघा: विचार, मनःस्थिती, आकलन, भान किंवा स्मृती यांतला मोठा बिघाड. "हा वेडा नाही, मग मानसिक आजार कसा लावता" म्हणून घरचेच नकार देतात. त्यांना व्याख्या वाचून दाखवा. बौद्धिक अक्षमतेच्या खिडकीत मात्र प्रौढाला उभं करू नका. तो लहानपणापासूनच्या वाढीचा प्रश्न आहे असं धरून बोर्ड बहुधा परत पाठवतं.

आता टक्केवारी. दोन प्रवर्ग असले की बेरीज सरळ होत नाही. सूत्र असं: मोठा टक्का अ, लहान टक्का ब, तर अ + ब × (९० − अ) ÷ ९०. समजा हातापायाचे ३५ आणि वाचेचे २० टक्के निघाले. ३५ + २० × ५५ ÷ ९० म्हणजे साधारण ४७. एकेकटा कुठलाच आकडा सवलतींसाठी लागणाऱ्या ४० ला पोचत नाही, मिळून पोचतो. म्हणून एकाच डॉक्टरकडून तपासून परत येऊ नका. अर्जातच सगळे त्रास लिहा, म्हणजे अस्थिरोग, कान-नाक-घसा आणि मानसोपचार, तिन्हीकडून तपासणी होईल.

मानसिक आजारासाठी आयडियाज ही मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद-समज आणि काम, या चारांना प्रत्येकी ० ते ४ गुण, आणि आजाराच्या कालावधीचे आणखी ४ पर्यंत. ७ गुणांना ४० टक्क्यांचा उंबरठा. घोळ कालावधीत होतो: गेल्या दोन वर्षांत आजार सहा महिन्यांच्या आत असेल तर १ गुण, १८ महिन्यांच्या वर गेला की ४. अपघातानंतर चौथ्या महिन्यात घाईने गेलेला माणूस इथेच मार खातो आणि कमी टक्क्यांचा कागद घेऊन बसतो. शिवाय मुलाखतीत रुग्ण स्वतः "मला काही त्रास नाही" म्हणतो. स्वतःतला बिघाड न जाणवणं हे मेंदूच्या इजेचंच लक्षण आहे, म्हणून सोबत्याची बाजू ऐकून घ्या असा आग्रह धरा.

कागद: सीटी किंवा एमआरआयचा अहवाल, दाखल होतानाचा जीसीएस (शुद्धीची पातळी दाखवणारे गुण), डिस्चार्ज कार्ड, शक्य असेल तर स्मृती-लक्ष यांची चाचणी. डिस्चार्ज कार्डावर नुसतं "हेड इंज्युरी" असतं. डॉक्टरांना आयसीडी-१० (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादी) चे कोड लिहायला सांगा: एस०६ ही मूळ इजा, टी९०.५ तिचे मागे राहिलेले परिणाम, एफ०७.० स्वभावात झालेला बदल. नकार आला तर कलम ५९ खाली अपील करता येतं.

तुमच्या मोहिमेला हेच उपयोगी पडतं, बरं का. निवेदनाला "आम्हाला त्रास होतो" यापेक्षा "एकाच इजेसाठी तीन खिडक्या लागतात" हे मांडलेलं बरं.

बोरीकाठ
सगळ्यांचे आभार. मागण्या कमी करतोय. एका आमदारांचे स्वीय सहायक म्हणाले, तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) लिहून द्या. तो कसा लिहायचा? आणि भेटीला रुग्णांना न्यावं का?

मंत्रालयवारी
साचा ठरलेला आहे, तो मोडू नका:

"(१) मेंदूच्या दुखापतीमुळे दीर्घकालीन अपंगत्व आलेल्या व्यक्तींचा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत स्वतंत्र उल्लेख नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर अधिनियमाच्या कलम ९९ अन्वये केंद्र शासनाकडे शिफारस करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

पहिल्या भागात आकडे, आरोप, गावाचं नाव काही घालू नका. त्यात एक जरी गोष्ट खोडता आली तरी उत्तर येतं "हे खरे नाही", आणि खालच्या दोन्हींपुढे "प्रश्न उद्भवत नाही". पहिला भाग नाकारताच येणार नाही असा हवा. अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला असतं, तर मसुदा दिवाळीच्या आधी सहायकांच्या हातात पडायला हवा. तारांकितात नंबर लागला नाही तर विधानसभेच्या नियम १०५ ची लक्षवेधी सूचना. मंत्र्यांनी सभागृहात "तपासून शिफारस करू" म्हटलं की त्या दिवसाच्या कार्यवाहीची प्रत काढून ठेवा. ते आश्वासन धरलं जातं आणि आश्वासन समितीकडे त्याचा पाठपुरावा करता येतो.

लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी लागते. नियम ३७७ खालचं निवेदन जास्त सोपं: २५० शब्दांत बसवा, मंत्रालयाकडून खासदारांना लेखी उत्तर येतं. ते उत्तर नकाराचं असलं तरी मोलाचं, कारण नकाराचं कारण कागदावर येतं.

पुनर्वसन_धुळे
रुग्णांना न्या, पण जनता दरबारात अजिबात नाही. माईक, गर्दी, दोन तास ताटकळणं, यात मेंदू थकतो आणि ऐन वेळी शब्द सापडत नाहीत किंवा राग फुटतो. सकाळची वेळ मागा, बंद खोली, एक-दोन रुग्ण, दहा मिनिटं. बोलणाऱ्याच्या हातात मोठ्या अक्षरांत तीन ओळींचं कार्ड द्या. बोलायचं की नाही हे त्या व्यक्तीला आदल्या दिवशी विचारा आणि निघताना पुन्हा विचारा, कारण आदल्या दिवशी दिलेला होकार तिच्या लक्षात असेलच असं नाही. निवेदनाला कुणाचं आधार, यूडीआयडी कार्ड किंवा टाके घातलेल्या डोक्याचा फोटो जोडू नका. तो कागद कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाईल याचा नेम नाही.

अ‍ॅड. साक्री रोड
आणखी दोन दारं आहेत, तिथे कुणी फिरकत नाही. कलम ६६ खालच्या राज्य सल्लागार मंडळावर विधिमंडळाचे तीन सदस्य असतात, दोन विधानसभेचे आणि एक परिषदेचा. मंडळाची बैठक सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. त्या तिघांपैकी एकाकडून विषय कार्यसूचीवर घ्या. दुसरं दार राज्य आयुक्तांचं: कलम ८० खाली ते धोरणातली त्रुटी दाखवून शिफारस करू शकतात. हक्क डावलल्याची चौकशी करून त्यांनी शिफारस केली, तर कलम ८१ प्रमाणे संबंधित विभागाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं.

आकडे हवेत तर माहिती अधिकार वापरा. अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना वेगवेगळे अर्ज करा. "का नाकारलं" असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. "अमुक वर्षात नाकारलेल्या अर्जांची संख्या आणि नोंदवहीतला शेरा, नावं वगळून" असं मागा.

तिसरी मागणी कोणती ठेवायची, तर पुनर्वसनाची. मे २०२५ पासूनची अपघातग्रस्तांची कॅशलेस योजना दीड लाखापर्यंत आहे, पण अपघातापासून फक्त सात दिवस. मेंदूच्या रुग्णाचं खरं काम आठव्या दिवशी सुरू होतं. हे पत्र मात्र वेगळं करा, रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नावे, खासदारांमार्फत. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, एवढं एक वाक्य स्थानिक संदर्भाला पुरे.

कोमातल्या माणसाच्या बँक खात्याचा प्रश्न यात मिसळू नका. तिथे पालक नेमायला सरळ कायदाच नाही, लोकांना उच्च न्यायालयात जावं लागतं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, तो विषय स्वतंत्र लढ्याचा आहे. आणि तुमच्या गटात कुणी एसटी, जिल्हा परिषद किंवा इतर सरकारी नोकरीत असताना जखमी झालं असेल तर त्याने निवेदनाची वाट बघू नये. कलम २०(४) प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. राजीनाम्यावर सही करण्याआधी ते कलम लिहून कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

बोरीकाठ
व्याख्येवर गटात मतभेद होणारच. रविवारी बसतोय. मसुदा झाला की इथेच टाकतो, कलमांचे आकडे तेवढे तपासून द्या.

अ‍ॅड. साक्री रोड
टाका. मराठी प्रत आमदारांना, पण खासदारांच्या प्रतीला हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. पुढे लोकसभेच्या याचिका समितीकडे जायचं ठरलं तर ते लागतंच, आणि त्या याचिकेवर खासदाराची प्रतिस्वाक्षरीही.