सुटून आलेल्या माणसासाठी वाडीने नेमके काय करावे?

प्रश्न : खाडीकाठचा, रत्नागिरी तालुका

माझा चुलत भाऊ साडेसहा वर्षांची शिक्षा भोगून गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या कळंबा कारागृहातून सुटून गावी आला. बांधाच्या वादातून झालेल्या हाणामारीत आमच्याच भावकीतील एक जण दगावला होता, आणि सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली भावाला शिक्षा झाली. गुन्हा घडलाच नाही असे मी म्हणत नाही. मयताचे घर आमच्यापासून दोन परड्यांपलीकडे आहे आणि पाणवठ्याची वाट आजही एकच आहे.

भाऊ दिवसभर माजघरात बसून असतो आणि काळोख पडल्यावरच पाणंदीने खाडीकडे जातो. वाडीतील तरुण मंडळी बैठक बोलावून, वर्गणी काढून त्याला दुकान घालून द्यावे असे म्हणतात. ज्येष्ठांचे म्हणणे असे की, दोन वर्षे जाऊ द्यावीत, माणसे आपोआप विसरतील. त्यातच शिमगा जवळ आला असून घरोघरी फिरणारी ग्रामदेवतेची पालखी त्याच्या अंगणात न्यावी की नाही, यावर गावकीत कुजबुज सुरू आहे. काम, कागदपत्रे आणि पालखी या तिन्ही बाबतींत अनुभव असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : विधी स्वयंसेवक

दुकानाचा विचार नंतर करावा, आधी त्यांचा मोबाइल क्रमांक पाहावा. इतकी वर्षे बंद राहिलेला क्रमांक कंपनीने बहुधा दुसऱ्याला दिलेला असतो, आधार मात्र त्याच जुन्या क्रमांकाशी जोडलेले असते, आणि मग प्रत्येक कार्यालयात ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जात राहतो. आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन नवा क्रमांक जोडून घ्यावा. दोन वर्षे व्यवहार नसलेले बँक खाते निष्क्रिय होते. ते केवायसी करून चालू करून घ्यावे. शिधापत्रिकेतून नाव वगळले गेले असल्यास तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यावा. कारागृहातून मिळालेला सुटकेचा कागद लॅमिनेट करून ठेवावा, कारण पोलिसांकडे वा न्यायालयात तोच पुन्हा पुन्हा मागितला जातो. (लोकसभा-विधानसभेचे मतदान तुरुंगात असताना करता येत नाही, सुटकेनंतर तो हक्क पुन्हा बजावता येतो. हे बहुतेकांना ठाऊक नसते.)

महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना त्यांनी एकदा प्रत्यक्ष भेटावे. मुक्त बंद्यांच्या पुनर्वसनाचे काम त्यांच्याकडे असते, परंतु आपण होऊन कुणी दारी येईल या भरवशावर राहू नये. कायदेविषयक अडचण असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा.

पालखीविषयी मी इतकेच सांगेन की, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा कायदा 2017 पासून लागू आहे. एखाद्याला धार्मिक वा सामाजिक कार्यात भाग घेण्यापासून सामूहिक निर्णयाने रोखणे हा त्याखाली गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. गावकीच्या मानकऱ्यांना हे सभेत नव्हे, तर आधी घरी जाऊन सांगावे.

उत्तर : यांत्रिक बोटवाला

माझ्या बोटीवर असा एक खलाशी चार मोसम होता, म्हणून लिहितो. नौकेवर काम करायला खासगी कंपनीसारखे चारित्र्य प्रमाणपत्र कुणी मागत नाही, पण समुद्रात तपासणी होते तेव्हा प्रत्येक खलाशाचे ओळखपत्र जवळ लागते. तेव्हा वर सांगितलेले आधारचे काम आधी करावे. दुसरी गोष्ट हंगामाची. 1 जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी सुरू होते, म्हणून एप्रिल-मेमध्ये कामाला लावलेला माणूस दीड महिन्यात पुन्हा माजघरात जाऊन बसतो. शिमग्यानंतर त्यांना आंब्याच्या बागेत उतरणी आणि पेट्या भरण्याचे काम द्यावे, पावसाळ्यात जाळी दुरुस्तीला बसवावे आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास बोटीवर न्यावे.

उचल मात्र मोठी देऊ नये. मी दयेपोटी भरपूर उचल दिली, तो ती फेडत राहिला, आणि पुढे त्याला दुसरीकडे बरे काम मिळत असूनही माझ्या कर्जापायी जाता आले नाही. ती माझीच चूक होती. तांडेलाला, म्हणजे बोटीवरच्या प्रमुखाला, मात्र सगळे पूर्वीच सांगून ठेवावे. आठ माणसे एका फळीवर झोपतात, तिथे अर्धवट कळलेली गोष्ट फार वाईट.

उत्तर : परतलेला

मला सुटून अकरा वर्षे झाली. खाडीकाठचे दादा, वर्गणी काढू नका. वर्गणीची यादी वाडीभर फिरते आणि यादीतल्या प्रत्येकाला, दुकानात बसलेल्या माणसाला सल्ला देण्याचा हक्क प्राप्त होतो. पहिले वर्षभर मला दरवाजा स्वतः उघडायची सवयच उरली नव्हती. कुणीतरी उघडेल म्हणून मी उंबऱ्याशी थांबत असे, आणि घरातल्यांना ते विचित्र वाटे. रात्री दिवा मालवला की झोप लागत नसे. या गोष्टी कुणी विचारत नाही. आत जेवायला काय द्यायचे, हे मात्र सगळे विचारतात.

मला उपयोगी पडला तो आमच्या वाडीतला एक वयस्क माणूस. तो रोज सकाळी परड्यात येऊन, "चल, शिपणं करू," एवढेच म्हणायचा. माडांना पाणी घालून झाले की घरी जायचा. सहा महिन्यांत त्याने माझ्या गुन्ह्याचा एकदाही उल्लेख केला नाही, आणि सातव्या महिन्यात मीच सांगितले.

उत्तर : धाकटी बहीण

मी पलीकडच्या बाजूची आहे. माझा भाऊ अशाच भांडणात गेला आणि ज्याच्या हातून गेला तो शिक्षा भोगून परतला आहे. त्याने काम करावे, त्याच्या मुलांनी शिकावे, यास माझा विरोध नाही. तथापि, आमच्या गावात सर्वांसमक्ष बैठक घेऊन माझ्या आईला, "तुमची हरकत नाही ना?" असे विचारण्यात आले. भरल्या सभेत हरकत आहे असे सत्तर वर्षांची बाई कशी म्हणणार? कायदा त्याच्या अंगणात पालखी नेईल आणि ती न्यावीच; परंतु त्या दिवशी ढोल-ताशे थांबवून पालखी दोन्ही घरी कोणत्या क्रमाने जाणार, हे आम्हाला आदल्या दिवशी कुणी घरी येऊन सांगितले असते, तर आईने दार लावून घेतले नसते.

खाडीकाठचा

सर्वांचे आभार. बैठक रद्द करण्यास तरुणांना सांगितले आहे, थोडी नाराजी झाली. सोमवारी भावाला घेऊन आधार केंद्रावर जातो. मयताच्या घरी मी जाणे योग्य दिसणार नाही; माझी काकी आणि मयताची वहिनी एकाच माहेरच्या आहेत, तेव्हा काकीच परवा दुपारी एकटी जाऊन येईल. तिने भावाला बरोबर नेण्याचे मात्र स्पष्ट नाकारले आहे.