मदत हवी आहे: मधमाशी चावल्यावरचं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन घरी ठेवायचं, पण कसं?

नमस्कार मंडळी. गाव चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून. मागच्या आठवड्यात आई पहाटे मोह वेचायला गेली, तिथं आग्या मोहोळ उठलं न तिला पाच-सहा माशा चावल्या. आमच्याकडे माशी चावणं नवीन नाही, चुना लावला का झालं. पण या वेळी दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, आवाज घोगरा, दोनदा उलटी, मग म्हणे डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली. गाडीवर दोघांच्या मधात बसवून जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथं एविल (अ‍ॅलर्जीचं औषध) न हायड्रोकॉर्ट (स्टेरॉइड) दिलं न बसा म्हणे बाहेर. थोड्या वेळात बीपीच लागेना. १०८ बोलावली, तालुक्याला डॉक्टर मॅडमनी मांडीत अ‍ॅड्रेनालिन मारलं, पाच-सात मिनिटांत आई डोळे उघडून विचारते, "माझी टोपली कुठं हाय?" रात्रभर ठेवून घेतलं, अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन काही तासांनी परत उलटू शकते म्हणून.

मॅडमनी चिठ्ठी दिली, घरी ठेवा म्हणाल्या. ते पेनसारखं तयार इंजेक्शन मेडिकलवाल्यानं पाहिलंही नाही, त्यानं काचेचे अँप्युल (औषधाच्या बंद छोट्या कुप्या) दिले, १ मिलीत १ मिग्रॅ. आईला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. करून दाखवलं, पण काच फोडतानाच माझा हात थरथरते. डब्यावर २५ अंशाखाली ठेवा लिहून आहे न आमचं घर टिनाचं, मे मधी ४५ जाते, लाइनचा भरोसा नाही, फ्रिज नाही. सिरिंज भरूनच ठेवली तर चालते का? न गरज नसताना मारलं तर हार्टला काही होईल का?

प्रतिसाद १: भाऊ, मी नर्स आहे. भरून ठेवायचं मनानं नको, उजेडानं न गरमीनं औषध खराब होते, मॅडमनाच विचार. अँप्युल कागदात गुंडाळून डब्यात ठेव, पाणी गुलाबी-तपकिरी दिसलं तर फेकून दे. इन्सुलिनची सिरिंज वापरू नको, सुई आखूड न खुणा युनिटच्या, हमखास चूक होते. मारल्यावर छाती धडधडते, हात कापतात, ते उतरते. श्वास किंवा बीपी जात असताना न मारणं जास्त धोक्याचं. पाच मिनिटांत फरक नाही तर दुसरं मारायचं, १०८ ला तर पहिलं मारल्याबरोबर फोन. एविल गांध्या न खाज कमी करते, घसा उघडत नाही. आणि गाडीवर बसवून नेलं ते नशीब म्हण, बीपी पडलेल्या माणसाला आडवं निजवून पाय वर करायचे, दम लागला असेल तरच टेकवून बसवायचं.

प्रतिसाद २: आमच्या बुढ्याचं इन्सुलिन असंच ठेवतो. मोठ्या कुंडीत ओली रेती, त्यात लहान मडकं, तोंडावर ओलं फडकं, सावलीत. औषध पाण्यात बुडवायचं नाही, कोरड्या डब्यात.

प्रतिसाद १: एक राहिलं. आई बीपीची गोळी घेते का? नावाच्या शेवटी 'लोल' आहे का बघ. त्या गोळीवर अ‍ॅड्रेनालिन कमी लागू पडते. पण बंद करू नको हो आपल्या मनानं!

धागाकर्ता: ताई, पाकीट काढून पाहिलं. अ‍ॅटेनोलोल. मॅडमना हे सांगितलंच नव्हतं. उद्या सकाळच्या एसटीनं पाकीट घेऊनच जातो. मडकं आई स्वतः आणते म्हणे, मी आणलेलं गळते.